जावक चार वाजता

शिक्केराव निवृत्त झाले तेव्हा कार्यालयाने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि त्यांनी स्वतःच्या हाताने तारखेचा शिक्का उचलून आणला. घड्याळ दुसऱ्याच महिन्यात बंद पडलं. शिक्का अजून ठणठणीत आहे आणि घरातल्या माणसांच्या मानगुटीवर बसला आहे.

उभं आयुष्य त्यांनी आवक-जावक विभागाच्या खिडकीमागे काढलं. बाहेरून आलेला कागद घ्यायचा, त्यावर शिक्का हाणायचा, क्रमांक टाकायचा आणि ज्याच्या त्याच्या कप्प्यात सारायचा. आतून बाहेर जाणारे कागद चार वाजता पिशवीत भरायचे. किती साहेब आले नि गेले, पण चारच्या आत जावक झाली नाही. एकदा म्हणे गोदामात धूर दिसला, तेव्हा खुद्द मोठ्या साहेबांनी अग्निशमन दलाला लिहिलेलं पत्र दुपारीच आणून दिलं होतं. शिक्केरावांनी ते अदबीने घेतलं, क्रमांक टाकला आणि चार वाजता पाठवलं. आग तोवर आपली आपण विझली होती. घाई करून काही होत नसतं, हे ते तेव्हापासून छातीठोकपणे सांगतात.

शिक्केराव हे नाव कार्यालयानेच ठेवलेलं. ठेवणाऱ्यांनी ते टोमणा म्हणून ठेवलं होतं, यांनी ते पदवी म्हणून घेतलं.

तर अशा या गृहस्थांच्या घरात मुलाने एक कॉम्प्युटर आणला आणि हॉलच्या कोपऱ्यात बसवला. मुलगा कारखान्यांमध्ये यंत्रं बसवून देण्याचं काम करतो, आठवडाभर बाहेरगावी असतो आणि शनिवारी धुवायच्या कपड्यांसह परततो. कॉम्प्युटर आणला होता नातीच्या अभ्यासासाठी. इंटरनेट जोडणाऱ्या माणसाने जोडणीबरोबर एक ईमेलचा पत्ता फुकट दिला. फुकट मिळालेल्या वस्तूची जबाबदारी कुणीतरी घ्यायला हवी, म्हणून शिक्केरावांनी ती घेतली. नातीचा अभ्यास पुन्हा वहीत सुरू झाला.

दुसऱ्या दिवसापासून हॉलच्या कोपऱ्यात आवक-जावक विभाग उघडला. दहाच्या ठोक्याला इस्त्रीचा शर्ट घालून शिक्केराव खुर्चीत बसत. आलेला प्रत्येक मेल छापत, त्यावर शिक्का मारत आणि बुटांच्या खोक्यांचे चार कप्पे केले होते त्यांत टाकत. एक मुलाचा, एक सुनेचा, एक नातीचा आणि एक संकीर्ण. जाहिरातींनाही क्रमांक मिळे. केसगळती थांबवणाऱ्या तेलाचा कागद मुलाच्या कप्प्यात रोज पडायचा. मुलाला टक्कल आहेच, तेव्हा पाठवणाऱ्याने चौकशी करूनच पाठवलं असणार, असं त्यांचं मत होतं. कागद छापून झाला की मूळ मेल डिलीट करायचा, कारण आवक झालेली वस्तू खिडकीवर लोळत पडणं हा बेशिस्तपणा. आणि संध्याकाळी विभाग बंद करताना डिलीट केलेल्यांची टोपलीही रिकामी करायची. घरातल्या दुसऱ्या कुणी त्या खुर्चीत बसायचं नाही. पासवर्ड मशीनला ठाऊक होता, शिक्केरावांना नव्हता, पण गुप्तता राखल्याचा मान त्यांनी स्वतःकडे घेतला होता.

मशीन बिघडलं की त्यांचे उपाय ठरलेले. पडदा गोठला तर त्यावर फडकं टाकायचं आणि चहा प्यायला जायचं. प्रिंटरने कागद गिळला तर झाकण उघडून त्याला चार शब्द सुनवायचे. याने भागलं नाही तर प्लग उपटायचा. आणि पडद्यावर एखादी छोटी चौकट आली तर ‘ओके’ दाबायचं. ज्या माणसाने नोकरीत एक स्वल्पविराम चुकला म्हणून पत्रं परत धाडली, तो माणूस या चौकटी कधी वाचत नसे. त्यांच्या मते ती हाताखालच्या माणसाची कुरकुर होती. ती ऐकत बसलं तर कामं कधी व्हायची? रोज चार वाजता, जावकीच्या वेळी, अशीच एक चौकट येई. रोज चार वाजता शिक्केराव ओके दाबत आणि समाधानाने हात धुवायला जात.

जावक दांडगी होती. बायको गेल्यापासून त्यांना पत्रं लिहायचा नाद लागला होता. जुन्या रोखपाल मित्राला, टंकलेखक मित्राला, बदली होऊन गेलेल्या एका साहेबांना, झालंच तर वर्तमानपत्राच्या संपादकांना. उत्तर एकाचंही येत नव्हतं. निवृत्त माणसाला कुत्रं विचारत नाही, असा निष्कर्ष काढून त्यांनी तो जेवताना सुनेला अनेकदा ऐकवला होता. रोखपाल गेल्या महिन्यात बँकेत दिसला तेव्हा शिक्केरावांनी सरळ तोंड फिरवलं. तो बिचारा हात वर करून उभाच राहिला.

आता सुनेविषयी. लग्नाआधी ती पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढायची, कॉम्प्युटरवर. मूल झालं, नोकरी सुटली, आणि नात शाळेत रमल्यावर तिने पुन्हा काम शोधायला घेतलं. तिचा स्वतःचा ईमेल होता, पण पासवर्ड इतक्या वर्षांत विसरला होता, आणि नवा घ्यायचा तर कोड तिच्या जुन्या फोन नंबरवर जायचा. तो नंबर आता एका टेम्पोवाल्याकडे होता. माणूस भला होता. “ताई, कोड आलाय, पण मी गाडी चालवतोय,” म्हणायचा, आणि तो गाडी बाजूला घेईपर्यंत कोड शिळा व्हायचा. शेवटी तिने हात टेकले आणि कंपनीच्या वेबसाइटवर अर्ज भरताना घरचा पत्ता दिला, म्हणजे शिक्केरावांचा. मुलाखत झाली, चांगली झाली. तेव्हापासून रोज सकाळी ती आपल्या खोक्यात डोकावायची.

मेल बुधवारी आला. तिची निवड झाली होती.

शिक्केरावांनी तो छापला, शिक्का मारला, आणि मग वाचला. सून नोकरीला जाणार. नात शाळेत, मुलगा बाहेरगावी. दुपारी एकत्र जेवायचं, जेवताना त्यांनी त्या आगीची गोष्ट सांगायची आणि तिने ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखं “मग काय झालं?” विचारायचं, तीनला चहा, हे सगळं बंद. त्यांना भीती वाटली. साधी भीती. पण शिक्केरावांना भीती वाटली की ते मसुदा करत. त्यांनी मसुदा केला.

‘विषय: नियुक्ती नाकारण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर उमेदवार कौटुंबिक कारणास्तव रुजू होऊ शकत नाही. तरी प्रकरण निकाली काढण्यात यावे.’

चार वाजता जावक केली. चौकट आली, ओके दाबलं. सुनेचा कागद मात्र त्यांनी फाडला नाही, लपवलाही नाही. टपाल दाबणं हे त्यांच्या लेखी पाप होतं. उशिरा देणं हा कारभार होता. कागद बुधवारभर, गुरुवारभर त्यांच्या पॅडखाली राहिला आणि शुक्रवारी सकाळी, प्रकरण निकाली निघालं असणार अशी खात्री झाल्यावर, त्यांनी तो तिच्या कप्प्यात ठेवला.

सून नातीला शाळेत सोडून आली, खोक्यात डोकावली आणि हॉलभर तिचा आवाज घुमला.

“बाबा! लागली! मला नोकरी लागली!”

“अभिनंदन,” शिक्केराव म्हणाले आणि कीबोर्ड पुसू लागले.

ती तसाच कागद पुढे वाचत गेली आणि तिचा चेहरा उतरला. “आज संध्याकाळपर्यंत होकार द्यायचाय, नाहीतर पुढच्या नंबरच्या माणसाला बोलावणार. आणि हा शिक्का परवाचा आहे.”

“आवक परवाच झाली.”

“मग मला आज का दिलात?”

“छाननी चालू होती.”

“माझ्या मेलची? कसली छाननी?” पण भांडायला तिच्याकडे वेळ नव्हता. कागदाच्या तळाशी ‘होकार देण्यासाठी येथे क्लिक करा’ असं छापलं होतं. तिने त्यावर बोट ठेवलं. “हे कुठे क्लिक करू? कागदावर? मूळ मेल दाखवा.”

“तो नष्ट केला. आवक झाल्यावर मूळ प्रत ठेवत नाहीत.”

“टोपलीत असेल.”

“टोपली रोज संध्याकाळी रिकामी होते,” शिक्केराव म्हणाले, आणि या वाक्याचा त्यांना नेहमी वाटतो तसा अभिमान या वेळी काही वाटला नाही.

सुनेने कपाळावर हात मारला आणि कंपनीत फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती, आवाजावरून नवीनच कामाला लागलेली, कारण ती मदत करत होती. होकार फोनवर घेता येत नाही, ती म्हणाली, लिंकवरूनच द्यावा लागतो. लिंक हरवली असेल तर त्याच ईमेलवरून विनंती करा, पुन्हा पाठवते. सुनेने घाबरत विचारलं, “अजून जागा आहे ना? दुसऱ्या कुणाला दिली नाही ना?”

“नाही हो. आम्ही तुमचीच वाट बघतोय. तुमच्याकडून अजून काहीच आलेलं नाही.”

फोन स्पीकरवर होता. शिक्केरावांच्या हातातलं फडकं तिथेच थांबलं. काहीच आलेलं नाही म्हणजे काय? बुधवारी चारला रीतसर जावक झालेलं पत्र, शुक्रवार उजाडला तरी पोचत नाही? पहिल्यांदा त्यांना संताप आला, तो निव्वळ विभागाचा संताप. मग ते पत्र अजून मशीनमध्येच असणार, हा अर्थ ध्यानात आला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

“उठा बाबा,” सून म्हणाली.

त्या खुर्चीतून त्यांना आजवर कुणी उठवलं नव्हतं. ते उठले.

तिने भराभर दोन ओळींची विनंती लिहिली आणि पाठवली. पडद्यावर छोटी चौकट आली.

“ओके दाब,” शिक्केराव सवयीने म्हणाले.

तिने दाबलं नाही. ती वाचायला लागली. “संदेश पाठवता आले नाहीत. रांगेतल्या पहिल्या संदेशाला जोडलेली फाइल मर्यादेपेक्षा मोठी आहे.” ती वळली. “बाबा, ही चौकट आधी कधी आली होती?”

“रोज येते.”

“रोज? मग तुम्ही काय करता?”

शिक्केरावांनी नुसतं ‘ओके’कडे बोट दाखवलं.

सुनेने आउटबॉक्स उघडला. यादी अशी लांबलचक होती की पडद्यात मावेना. सगळ्यात वर, गेल्या वर्षीच्या तारखेचा, शिक्केरावांच्या निरोप समारंभाचा फोटो अल्बम होता. सगळे फोटो, भाषणाच्या रेकॉर्डिंगसह, सगळ्या सहकाऱ्यांना एकदम. टपालाच्या पिशवीच्या तोंडात पलंग कोंबावा तसा तो तिथे अडकला होता, आणि त्याच्यामागे वर्षभराची जावक जिथल्या तिथे उभी होती. सून विषय वाचत खाली येऊ लागली. रोखपालांस, क्षेमकुशल. रोखपालांस, आपले उत्तर न आल्याबाबत. स्मरणपत्र. दुसरे स्मरणपत्र. अंतिम स्मरणपत्र. अंतिम स्मरणपत्राचे स्मरणपत्र.

ती आधी खुदकन हसली. मग पुढचे चार-दोन विषय वाचून हसायची थांबली.

“म्हणजे तुमचं एकही पत्र कुणाला गेलं नाही, बाबा.”

शिक्केरावांना बँकेतला रोखपालाचा वर गेलेला हात आठवला. वर्षभर ते ज्याच्या नावाने बोटं मोडत होते त्याला बापड्याला काही पत्ताच नव्हता. खिडकी यांचीच बंद होती. आणि शिव्या रांगेतल्या लोकांना.

“असो, घोडं कुठे अडलंय ते तरी कळलं,” सून म्हणाली. “हा अल्बम काढला की मागचं सगळं सुटेल. माझंही जाईल.” तिने अल्बमवर बाण नेला.

यादीच्या शेवटी, पडद्याच्या कडेखाली, तिच्या विनंतीच्या बरोबर आधी, बुधवारचं पत्र होतं. गुरुवारी त्यांनी दुसरं काही लिहिलंच नव्हतं. तिला ते दिसत नव्हतं. शिक्केरावांनाही दिसत नव्हतं, पण आपली जावक कुठल्या क्रमाने उभी आहे हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. नकार आधी पोचणार, विनंती मागाहून. त्यासाठी त्यांना काहीसुद्धा करायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं, तोंड मिटून, आणि दुपारचं जेवण, आगीची गोष्ट, तीनचा चहा सगळं जागच्या जागी राहणार होतं.

सून रोज सकाळी खोक्यात कशी डोकावायची ते त्यांना आठवलं. वर्षभर तेही तसेच डोकावत होते.

“थांब,” ते म्हणाले. “शेवटून दुसरं उघड.”

तिने उघडलं. वाचलं. वाचून पुन्हा पहिल्या ओळीवर गेली.

“सदर उमेदवार?” ती म्हणाली. “बाबा, मी सदर उमेदवार?”

“तो मसुद्याचा भाग...”

“मसुदा गेला खड्ड्यात! माझ्या नोकरीला नाही म्हणायचा अधिकार तुम्हाला दिला कुणी? किती वर्षं मी याची वाट बघतेय, आणि तुम्ही कागद दाबून बसलात!”

“दाबला नाही. उशिरा दिला.”

“तेच ते!” तिचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा तिने प्रयत्न केला नाही. “कौटुंबिक कारण म्हणे. कसलं कारण? सांगा ना. आता तोंडी सांगा.”

शिक्केरावांनी शिक्का उचलला, खाली ठेवला. “दुपारी,” ते म्हणाले आणि अडले. “दुपारी घरात कुणी नसेल.”

“मग हे मला सांगायचं होतं,” सून म्हणाली. आवाज अजून चढलेलाच होता. “मी काही तरी केलं असतं. निदान ऐकलं तरी असतं.”

“कसं सांगायचं? याचा नमुना नव्हता माझ्याकडे.”

सून उठली आणि खुर्ची त्यांच्याकडे ढकलली. “बसा. जावक तुमची आहे, तुम्हीच रद्द करा.”

ते बसले. पत्रावर बाण नेताना एकदा भलतंच उघडलं. मग डिलीट दाबलं. चौकट आली. या वेळी शिक्केरावांनी ती वाचली, मोठ्याने, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. “हा संदेश कायमचा काढून टाकायचा? तो परत मिळणार नाही.” त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. त्यांनी ‘हो’ दाबलं.

मग अल्बम काढला. निरोपाचं भाषण, टाळ्या, हार, सगळं गेलं. रांग हलली आणि वर्षभराची पत्रं धडाधड सुटायला लागली. चार वाजायला पुष्कळ अवकाश होता. शिक्केरावांनी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही, अर्थात ते बंदच होतं. थोड्या वेळाने कंपनीचा मेल आला. त्यांचा हात आपसूक प्रिंटरकडे गेला, सुनेने नुसतं बघितलं, हात परत आला. तिने उभ्याउभ्याच त्यांच्या खांद्यावरून वाकून लिंकवर क्लिक केलं.

शनिवार-रविवार ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. मुलाला तिने सगळं सांगितलं की नाही, हे शिक्केरावांना कळलं नाही, आणि विचारायची त्यांची छाती झाली नाही. विभागात मात्र झुंबड उडाली होती. रोखपालाचं उत्तर पहिलं आलं. ‘सगळी स्मरणपत्रं एकदम मिळाली. तुला कसला झटका आलाय? बँकेत ओळख दाखवत नाहीस आणि इथे अंतिम म्हणून धमक्या देतोस. बुधवारी घरी येतो, समोर बसून भांडू.’

सोमवारी सकाळी सून कामावर गेली. जाताना तिने गॅसजवळच्या भांड्याकडे बोट दाखवलं. “गरम करून घ्या. आणि हा माझा कामावरचा ईमेल.” एवढंच. चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि दार ओढून घेतलं.

जेवायची वेळ झाली. शिक्केराव स्वयंपाकघरात गेले, भांड्यावरचं झाकण उचललं, परत ठेवलं आणि हॉलमध्ये आले. त्यांनी मेल उघडला. सुनेचा पत्ता एका बोटाने, एकेक अक्षर तपासत टाकला. विषयाच्या जागी काय लिहावं ते सुचेना, ती जागा तशीच सोडली. खाली लिहिलं, ‘घर फार शांत आहे. आता जेवतो.’ क्रमांक टाकला नाही. चारची वाट न बघता पाठवायला घेतलं, तर चौकट आली. विषय लिहिलेला नाही, तरीही पाठवायचं का? शिक्केरावांनी ती पूर्ण वाचली आणि ‘हो’ दाबलं. मग खात्री करायला त्यांनी आउटबॉक्स उघडला. आउटबॉक्स रिकामा होता.